अडीच लाखांची हवा

बाणेरकर: परवा इथे कुणी लिहिलं होतं, 'खिडकी फुकट असताना ताज्या हवेसाठी अडीच लाख घालणारे मूर्ख.' तो मूर्ख मी, म्हणून जरा लांबण लावतो. पैसे गेले ते ईआरव्हीवर: खिडकी न उघडता बाहेरची हवा गाळून आत घेणारं, आतली बाहेर टाकणारं आणि जाता-जाता दोन्हींतली उष्णता नि बाष्प अदलाबदल करणारं यंत्र. समोर दोन वर्षं बांधकाम चाललंय. खिडकी उघडली की तासाभरात टेबलावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. बंद ठेवून स्प्लिट एसी लावला तर तो आतलीच हवा फिरवतो. खोलीत आम्ही तिघं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर झोपताना ६००, पहाटे २३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). बाहेर ४२०च्या आसपास असतो. ईआरव्ही बसवल्यापासून ९००च्या वर गेला नाही. सकाळचं डोकं जड होणंही थांबलं.

खिडकीवाला: 'मूर्ख' लिहिणारा मीच. शब्द मागे घेतो, हिशोब नाही. जर्मनीत बाहेर उणे ५, आत २०. पंचवीस अंशांतली बरीच ऊब परत मिळते, म्हणून तिथे यंत्र परवडतं. पुण्यात उन्हाळ्याच्या रात्री बाहेर फार तर ३०, आत २५. पाच अंशांसाठी अडीच लाख? बेडरूमचं दार किलकिलं ठेवा, बाथरूमचा एक्झॉस्ट लावा. झालं.

बाणेरकर: एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो. तेवढीच आत कुठून येणार? फटींतून, तीच धूळ घेऊन!

अंधेरीकर: दोघंही नुसतं तापमान मोजताय. इकडे मुंबईत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. ईआरव्ही बाहेरचं बरंचसं बाष्प अडवतो; त्याचा भाऊ एचआरव्ही फक्त उष्णता अदलाबदल करतो, बाष्प अडवत नाही. मला एकाने ईआरव्ही म्हणून एचआरव्ही गळ्यात मारला. जुलैत चादरी ओलसर!

श्टुटगार्टचा मराठी: जर्मनीचं नाव निघालं म्हणून. जुन्या घरात यंत्र नव्हतं. रोज दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, असं करारातच होतं. थंडीत कोण उघडतंय? कपाटामागे काळी बुरशी आली आणि मालकाने खापर आमच्यावर फोडलं. आता यंत्र आहे, बुरशी नाही.

ठाणेकर: ते राहू द्या. यंत्राचं हवा आत घेणारं तोंड इमारतीच्या डक्टकडे, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीकडे आहे का? आमच्या डक्टमध्ये कबुतरांची वसाहत आहे. आत्याला दम लागायचा, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, 'घराजवळ कबुतरं आहेत का?' आणि वरच्या मजल्यावरच्या काकू रोज दाणे टाकतात!

भूतदया: मुक्या जिवांवर राग काढा. तुमच्या जाळ्यांत अडकून मरतात ती.

ठाणेकर: मुकी? पहाटे पाचला या ऐकायला. २०२५मध्ये दादरचा कबुतरखाना झाकला तेव्हा गळा काढणारे तुम्हीच ना? घेऊन जा दहा-वीस घरी.

भूतदया: भाषा सांभाळा. माणसांची घाण कमी आहे का?

बाणेरकर: अहो, धागा हवेचा आहे!

ठाणेकर: त्याच हवेत विष्ठेची भुकटी उडते, साहेब.

खिडकीवाला: बरं बाणेरकर, समोर बांधकाम असेल तर मान्य. तरी अख्ख्या घराला पाइप फिरवायची हौस तुमचीच. एका खोलीपुरतं भागलं असतं. आणि हे यंत्र पुढेमागे विकणार असाल तर आधी मला सांगा. आमच्या समोरच्या प्लॉटवर काल पोकलेन आलाय.