घाटाचा राजा असतो, मग उताराचा का नाही?

परळचा_पॅडलवाला

मंडळी, प्रश्न जरा बाळबोध वाटेल पण विचारतोच. शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर मिलान-सान रेमो या इटलीतल्या एका दिवसाच्या सायकल रेसचे जुने व्हिडिओ बघत बसलो होतो, बाबा शेजारी. बाबा म्हणजे मुंबई-पुणे सायकल रेसचे जुने भक्त, तरुणपणी खोपोलीला जाऊन घाटात उभे राहायचे. २०२२ ची रेस लावली होती, शेवटच्या उतारावर मोहोरिच सगळ्यांना मागे टाकून सुसाट सुटला आणि जिंकला. मी म्हटलं बाबा बघा बघा कसला उतरतोय. तर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "उतरायला काय अक्कल लागते, बटाट्याची गोणी सोडली तरी खाली येते. घाट चढणाऱ्याला आपल्याकडे घाटाचा राजा म्हणतात, उतरणाऱ्याला कोणी राजा म्हटलेलं ऐकलंयस?"

मला काही बोलता आलं नाही. तर इथल्या जाणकारांना विचारतो, तीन आठवड्यांच्या टूरचं सोडा, फक्त वनडे रेसबद्दल. दोन रायडर पायाने अगदी सारखे, एक उतारावर भारी आणि एक घाबरट, तर पहिल्याचे जिंकायचे चान्स खरंच वाढतात का? की अशी रेस दहा वर्षांतून एकदा होते आणि आपल्या तीच लक्षात राहते? (मी स्वतः ठाण्यातल्या येऊरच्या उतारावर दोन्ही ब्रेक आवळून उतरतो, दूधवाले ओव्हरटेक करून जातात, त्यामुळे माझं मत धरू नका.)

एफटीपी_तीनशे

बाबांशी सहमत. सगळा खेळ वॅटचा, म्हणजे पायातल्या ताकदीचा आहे. पोगाचारने २०२१ पासून २०२५ पर्यंत ओळीने पाच वेळा इटलीतली लोंबार्डिया जिंकली, ती काय उतारावर? इव्हनपूलने २०२२ आणि २०२३ ला बेल्जियमची लिएज रेस मारली, ला रेदूत या चढाच्या आसपास सुटला आणि तिथून ३० एक किलोमीटर एकटा. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तिबो पिनो. या माणसाने २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये उघड कबूल केलं होतं की मला उतारावरच्या स्पीडची भीती वाटते. त्याच पिनोने २०१८ ला लोंबार्डिया जिंकली, एकट्याने, आणि दुसरा कोण आला? निबाली! जगातला सगळ्यात भारी उतरणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो. विषय संपला.

ठाण्याचा_घाटवेडा

विषय संपला कसला, आता तर सुरू झाला 😄

पिनोचं उदाहरण बरोबर आहे पण त्यातून निघतं भलतंच. पिनोने निबालीला चढावर सोडलं, म्हणजे माथ्यावर त्याच्या हातात अंतर होतं. खिशात पैसे असले की टॅक्सीचा मीटर बघावा लागत नाही तसं. प्रश्न येतो तो माथ्यावर अंतर नसतं किंवा चारपाच सेकंदांचंच असतं तेव्हा, आणि आजकाल तसंच जास्त असतं, कारण पहिले दहाबारा जण पायाने उन्नीस-बीसच असतात.

सान रेमोतला शेवटचा चढ, पोज्जोच घे. चढ ३.७ किलोमीटरचा, सरासरी चढण ४ टक्क्यांच्याही आत, म्हणजे आपल्या बोरघाटासमोर काहीच नाही. हा चढ १९६० ला रेसमध्ये घातला तो स्प्रिंटरना दमवायला. पण मुद्दा चढाचा नाहीच, मुद्दा असा की माथ्यापासून फिनिश फक्त साडेपाच किलोमीटर, त्यातले तीनेक किलोमीटर उतार आणि खाली आल्यावर जेमतेम दोन किलोमीटर सपाट. म्हणजे उतारावर जे मिळालं ते परत घ्यायला मागच्याला वेळच नाही. आता साधं गणित कर, तीन किलोमीटर उतार एकाने ६० च्या सरासरीने काढला आणि दुसऱ्याने ६३ च्या, तर फरक पडतो जवळपास ९ सेकंदांचा, त्या स्पीडला दीडशे मीटर. २९० पेक्षा जास्त किलोमीटर दामटल्यावर दीडशे मीटर! २०१८ ला निबाली जिंकला तेव्हा फिनिशच्या फोटोत मागे स्प्रिंटरांची अख्खी टोळी दिसते, इतक्या थोडक्यात वाचला तो.

उलटंही होतं. १९९२ ला मोरेनो अर्जेंटिन पोज्जोवर एकटा सुटला होता, चढावर त्याला कोणी धरू शकलं नाही, सगळे म्हणाले झालं. शॉन केली तेव्हा ३५ वर्षांचा, लोकांनी त्याला मोडीत काढलेला. तो उतारावर असा काही आला की खाली सपाटीवर अर्जेंटिनच्या मागे जाऊन चिकटला आणि स्प्रिंटमध्ये मारून गेला. चढावर हरलेली रेस उतारावर परत घेतली. हा व्हिडिओ बाबांना दाखव.

पण मला विचारशील तर उतरण्याचा खरा फायदा या अशा हिरोगिरीत नाहीच, तो कॅमेऱ्यात दिसत नाही. वळणातून बाहेर पडताना तू ३० ने पडलास आणि मी ३५ ने. सायकल धरून माझं वजन ७५ किलो समज, तर या पाचच्या फरकाची किंमत साधारण ९४० ज्यूल होते, म्हणजे मला गाठायला तुला दोनेक सेकंद ५०० वॅट जास्तीचे मारायला लागणार. एका वळणाला दोन सेकंद, काय मोठंसं. पण उतारात अशी दहा वळणं आणि रेसमध्ये असे आठदहा उतार असले की बेरीज कर. दोघांचे पाय सकाळी सारखे होते, पण शेवटच्या चढाच्या पायथ्याशी सारखे राहिले नाहीत. मग तो चढावर मागे पडतो आणि आपण म्हणतो बघा चढायला कमी पडला. घाबरट उतरणारा चढावर हरतो, ही गंमत आहे.

आणि त्यातही तू मागे असशील तर आणखी वाईट. सायनच्या सिग्नलला बघ, हिरवा झाला की पहिली गाडी लगेच निघते, चाळिसावी अजून हॉर्नच वाजवतेय. तसंच पेलोटॉनचं, म्हणजे रायडरांच्या मोठ्या घोळक्याचं. पहिला वळणावर ३५ पर्यंत येतो, चाळिसावा २० पर्यंत, आणि पहिला परत पळायला लागला की चाळिसाव्याला फुल स्प्रिंट. म्हणून सान रेमोत चिप्रेस्सा आणि पोज्जो या शेवटच्या चढांच्या आधी पुढे यायला एवढी धक्काबुक्की चालते, अगदी ८:१२ ची विरार लोकल. ज्याला चांगलं उतरता येतं तो चढाच्या माथ्यावर विसाव्या नंबरला असला तरी खाली येईपर्यंत दहावा होतो, फुकटात. ज्याला येत नाही त्याला तीच जागा पाय जाळून मिळवावी लागते.

हे सगळीकडे लागू नाही हेही सांगतो नाहीतर तीनशे साहेब परत येतील. बेल्जियमची फ्लेश वालोन रेस संपते म्यूर द वी या चढाच्या डोक्यावर, तिथे शेवटी उतारच नाही. फ्लॅंडर्सच्या रेसला पाटरबर्ग हा शेवटचा चढ झाला की तेरा किलोमीटर बहुतेक सपाट. पॅरिस-रूबेला तर उतार शोधायला दुर्बीण लागेल, तिथे दगडांवर सायकल सांभाळायचं स्किल वेगळं. पण सान रेमो, आणि कोमोला संपते त्या वर्षीची लोंबार्डिया, इथे ते मोजावंच लागतं. २०१५ ला निबालीने चिविल्यो या चढानंतरच्या उतारावरच सगळ्यांना सोडलं, चढावर नाही.

सकाळी_साडेचार

घाटवेड्यांनी छान लिहिलंय, पण सगळे फक्त कमाईचं बोलताय, नुकसान कोण मोजणार? २०१६ चं रिओ ऑलिंपिक आठवा. विस्ता चिनेझाच्या उतारावर पुरुषांच्या रेसमध्ये निबाली आणि एनाओ पुढे असताना पडले. निबाली म्हणजे हाच तुमचा उताराचा राजा! मग मायका एकटा पुढे राहिला, त्यालाही खाली सपाटीवर धरलं आणि गोल्ड गेलं व्हॅन आवरमाटला.

दुसऱ्या दिवशी बायकांची रेस, तोच उतार. मला ती जास्त आठवते कारण मी ती पंखा बंद करून बघितली होती, आवाज नीट यावा म्हणून. व्हॅन व्ल्यूटन आणि मारा ॲबट चढावर दोघी पुढे. ॲबट चढायला जबरदस्त पण उतारावर जपून असायची, हे सगळ्यांना माहीत होतं. व्हॅन व्ल्यूटनने उतारावर तिला सोडलं, आणि मग एका वळणावर अशी पडली की मी उभीच राहिले, हलत नव्हती ती, मणक्याला फ्रॅक्चर होतं. ॲबट तिच्या बाजूने गेली, एकटी, खाली सपाट रस्ता, आणि शेवटच्या काहीशे मीटरवर मागच्या तिघींनी तिला गाठलं. चौथी. गोल्ड व्हॅन डर ब्रेगनला.

म्हणजे बघा, एकीने जास्त रिस्क घेतली ती हॉस्पिटलमध्ये, एकीने कमी घेतली ती मेडलच्या बाहेर. तिचे उतारावर गेलेले सेकंद तिला सपाटीवर मिळालेच नाहीत. माझं मत विचाराल तर चांगलं उतरणं म्हणजे जोरात उतरणं नव्हे, दुसऱ्याला ज्या स्पीडला घाम फुटतो त्या स्पीडला आपण निवांत असणं. आणि इव्हनपूल २०२० च्या लोंबार्डियात सोर्मानोच्या उतारावर पुलाच्या कठड्यावरून खाली गेला, पेल्विस मोडलं, ते बघितल्यापासून मला उतारावरच्या अटॅकला टाळ्या वाजवता येत नाहीत, खरं सांगते.

एफटीपी_तीनशे

ओके, ते दहा वळणांचं गणित मान्य. पण मोहोरिच सायकलमुळे जिंकला ना? सीट खालीवर होणारी ती ड्रॉपर पोस्ट.

ठाण्याचा_घाटवेडा

ड्रॉपर माउंटन बाइकवाले कधीपासून वापरतात, नियमात बसतेच. आधी हे लोक सीटसमोरच्या आडव्या दांड्यावर, म्हणजे टॉप ट्यूबवर, बसून उतरायचे, मोहोरिचचीच ती खासियत, ती पोझिशन यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, एप्रिल २०२१ पासून बंद केली. मग वर्षभरात गडी सीटच खाली घेऊन आला 😄 सीट खाली गेली की वजन खाली जातं, वळणात सायकल वाकवायला मोकळीक मिळते. पण त्या व्हिडिओत नीट बघ, एकदा तो रस्त्याच्या कडेच्या गटारापर्यंत जाऊन परत येतो. तिथे सायकल सरळ करायला ड्रॉपर येत नाही, ते अंगातच असावं लागतं. पिडकॉक बघ, तोही माउंटन बाइकवाला, ऑलिंपिकचं गोल्ड दोनदा.

सकाळीताई, तुमचा मुद्दा डोक्यात राहिला. माझा स्वतःचा कॉलरबोन येऊरलाच गेलाय, पहिल्या पावसानंतर, वळणावर ओली पानं होती आणि मी वळणाच्या आत ब्रेक दाबला. पडताना कळलंसुद्धा नाही, आधी हेल्मेट आपटल्याचा आवाज आला मग दुखायला लागलं.

परळचा_पॅडलवाला

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. ९४० ज्यूलवालं बाबांना सांगितलं, म्हणाले शाळेतलं नको शिकवूस. मग केलीचा १९९२ चा व्हिडिओ लावला. अर्जेंटिन एकटा सुटला तेव्हा म्हणाले, "हा बघ राजा." मी गप्प बसलो. केली उतारावर आला तसे पुढे सरकून बसले, अडकित्ता हातातच. तिसऱ्याचौथ्या वळणावर म्हणाले, "अरे ब्रेक आहेत की नाही याच्या सायकलीला?" आणि स्प्रिंट झाली तेव्हा काहीच बोलले नाहीत, दोन मिनिटांनी म्हणाले मागे घे, परत लाव, त्या वळणापासून.

घाटवेडेदादा, एक विचारायचं राहिलं, वळणाच्या आत नाही तर ब्रेक नक्की कुठे सोडायचा? मला ते सुधारायचंय.

ठाण्याचा_घाटवेडा

लिहून कळायचं नाही. वळण दिसलं की सरळ असतानाच जो काय दाबायचा तो दाबून घे, हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, म्हणजे ड्रॉप्सवर, बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि सगळा भार त्याच्यावर, नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे. आणि वळणात शिरलास की बोटं ब्रेकवर असू देत पण दाबू नकोस. रविवारी पावणेसहाला येऊरच्या पायथ्याशी ये, चहाच्या टपरीजवळ. पहिले दोन राउंड माझ्या मागे, मी हळू जाईन. टायरमध्ये हवा दगडासारखी भरून येऊ नकोस.

सकाळी_साडेचार

मीपण येते. आणि बाबांना घेऊन या, चहा माझ्याकडून.