अनुभव धागा : पलीकडचा काठ दिसत होता का?

माझं लहानपण रंकाळ्यावर गेलं. संध्याकाळी वडील कठड्यावर बसवायचे, भेळेचा कागद हातात द्यायचे आणि स्वतः पाण्याकडे बघत गप्प राहायचे. पाऊस किती झाला हे संध्यामठ किती बुडालाय यावरून ठरायचं. समोर शालिनी पॅलेसचा मनोरा दिसायचा, म्हणजे तळं तिथं संपलं. त्यामुळे तळं म्हटलं की पलीकडचा काठ दिसलाच पाहिजे, अशी माझी पक्की समजूत. पुढं नोकरीसाठी शिकागोला गेलो, मिशिगन सरोवरासमोर उभा राहिलो, तर पलीकडे काहीच नाही! लाटा आहेत, वाळू आहे, सीगल आहेत, फक्त वाऱ्याला खारा वास नाही. अर्धा तास मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं.

तर मंडळी, आपापलं तळं इथं सांगा. जगातलं कुठलंही चालेल. अट एकच : ‘स्वर्गीय’ आणि ‘नयनरम्य’ हे शब्द बाहेर चपलांपाशी ठेवून या. फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. काठावर तुम्ही काय केलंत ते लिहा.

* * *

मिशिगन काय घेऊन बसलात, सुपिरिअर बघा. मी मिनेसोटात राहते. महाराष्ट्राचा पाव भाग झाकून वर थोडं उरेल एवढं हे तळं.

आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला डुलुथला घेऊन गेलो होतो. तिनं आधी काय केलं असेल, तर ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. ‘अगं, हे तर गोडं आहे!’ मग म्हणाली, ‘एवढं गोडं पाणी, आणि तुम्ही लोक बाटल्या विकत आणता?’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिथं बंदराच्या तोंडाशी एक लोखंडी पूल आहे. जहाज आलं की त्याचा रस्ता तसाच्या तसा, आडवाच, लिफ्टसारखा वर जातो. आम्ही उभे होतो तेव्हा लोखंडाचा कच्चा माल नेणारं हजार फुटी जहाज आलं. त्यानं भोंगा दिला, पुलानं उलट भोंगा दिला. ते इतकं जवळून गेलं की डेकवरच्या माणसानं हात केला आणि आईनं, सवयीनं, नमस्कार केला.

पण तिला खरं गुंतवलं दगडांनी. तिथल्या काठावर तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक सापडतात. सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळ्यांत ते तयार झाले, मग हिमनद्यांनी ते उकरून, घासून सगळीकडे पसरले. जुलै महिना, तरी पाणी असं गार की पोटऱ्या बधिर होतात. आई साडी खोचून दोन तास त्यात उभी. ओटीत पाव किलो दगड. एक उजेडाकडे धरून म्हणाली, ‘असले तर आपल्या शेतात नांगराला लागायचे. तुझे आजोबा बांधावर फेकून द्यायचे.’ माहेर नगर जिल्ह्यातलं, सगळी काळ्या पाषाणाची जमीन. अकीक तिकडेही निघतो, हे मला नंतर वाचून कळलं.

* * *

दगडांचा विषय निघालाच आहे म्हणून लोणार. आम्ही बुलढाण्याचेच, त्यामुळे शाळेची सहल दरवर्षी तिथंच. उल्का बसाल्टवर आदळून झालेलं विवर, व्यास जवळपास १.८ किलोमीटर, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. मास्तर दोरीला लोहचुंबक बांधून द्यायचे. मातीतून ओढत न्यायचा, त्याला काळी पूड चिकटायची, ती वहीच्या कागदात बांधून घरी.

वर काठावर गोमुखाची धार आहे, तिचं पाणी गोडं. तिथं तोंड धुवायचं आणि झाडीतून खाली उतरायचं. खालचं पाणी खारं, बुळबुळीत, बोटं एकमेकांवर घासली तर साबण लावल्यासारखी. वासही येतो, उगाच लपवत नाही. खाली कमळजादेवीच्या देवळात डबे उघडायचे आणि त्या वासातच पोळीभाजी खायची.

२०२०च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं. जगभरच्या बातम्यांत लोणार, आणि आम्ही इतक्या जवळ राहून लॉकडाऊनमध्ये घरात. शेजारच्या तळ्याचा रंग मोबाईलवर बघावा लागला, त्याची रुखरुख अजून आहे.

* * *

मी सैबेरियात शिकायला होतो. बैकालला मार्चमध्ये गेलो, म्हणजे काठावर थांबायचा प्रश्नच नव्हता. काठ ओलांडून गाडी सरळ तळ्यावर गेली.

ओल्खोन बेटाकडे जायला हिवाळ्यात बर्फावरून रस्ता असतो. बर्फावर चाकं टेकताच ड्रायव्हरनं सगळ्यांना सीटबेल्ट सोडायला लावले. मला वाटलं माझं रशियन कच्चं आहे, मी उलटा घट्ट केला. तो मागे वळला आणि हातानं खूण करून दाखवली : बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता आलं पाहिजे. त्यानंतरचा प्रवास मी दाराच्या कडीवर हात ठेवून केला.

मध्येच गाडी थांबवली. खाली काचेसारखा बर्फ, त्यात पांढरे बुडबुडे एकावर एक चवडीनं गोठलेले. आणि आवाज! मला वाटायचं गोठलेलं तळं शांत असेल. ते सतत कण्हत असतं. मध्येच लांबवर तोफ उडाल्यासारखा धडाका होतो आणि एक तडा पायाखालून सूं करत निघून जातो. स्थानिक माणसं थर्मासमधला चहा ओततच राहतात.

बैकालची सर्वांत जास्त खोली १,६४२ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाई उचलून त्या जागी ठेवली तर शिखरावरचं देऊळ तेवढं पाण्याबाहेर राहील. हे गणित मला तिथंच, त्या बर्फावर उभं असताना सुचलं. सुचायला नको होतं.

पलीकडचा काठ दिसत होता, हो. निळे डोंगर, अगदी स्वच्छ.

* * *

मृत समुद्र चालेल ना? नावात समुद्र असला तरी तळंच आहे ते. एकच सूचना : त्या दिवशी सकाळी दाढी करू नका. मी केली होती. बायको आरामात तरंगत होती, मी गालाला हात लावून काठावर नाचत होतो.

आम्ही जिथं गेलो तिथं एके काळी म्हणे पाणी स्नानगृहाच्या पायऱ्यांशी होतं. आम्हाला मात्र दारातून ट्रॅक्टरच्या गाडीत बसवून पाण्यापर्यंत नेलं. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर शेतीला आणि पिण्याला वळवतात, त्यामुळे पातळी वर्षाला मीटरभर खाली जाते आहे. दुसऱ्या देशातला काठ दिसतो, पण आपलाच काठ दरवर्षी लांब पळतो.

* * *

वरच्यांच्या अगदी उलट माझं. नैरोबीत नोकरीला होतो, नाकुरूच्या खाऱ्या तळ्यावर दोनदा गेलो. पहिल्यांदा २००८ साली, तेव्हा काठाला गुलाबी किनार लावावी तसे फ्लेमिंगो. जवळ गेल्यावर कळतं की हा सगळा कलकलाट आणि विष्ठेचा दर्प आहे, तरी हलवत नाही. आठ वर्षांनी आईवडिलांना मोठ्या कौतुकानं घेऊन गेलो, तर तळं पुढं चालून आलेलं. उद्यानाचं जुनं फाटक पाण्यात, बाभळीच्या जातीची पिवळ्या खोडांची झाडं उभ्या उभ्या मेलेली. पाणी वाढलं की खार पातळ होतो, फ्लेमिंगोंचं खाणं असलेलं शेवाळ कमी होतं आणि ते दुसऱ्या तळ्यांवर निघून जातात. वडील म्हणाले, ‘पेलिकन आहेत की.’ माझी समजूत काढत होते.

* * *

आमची ग्रुप टूर. माँत्रोला टूर मॅनेजरनं वीस मिनिटं दिली. वीस! जिनिव्हा सरोवर, पलीकडे फ्रान्सचे डोंगर, आणि ही सगळी मंडळी चॉकलेटच्या दुकानात. मी काठानं चालत फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्यापाशी गेलो. मुठ वर करून पाण्याकडे तोंड करून उभा आहे. त्याची गाणी मला कळत नाहीत, पण मी वाईचा आणि हा पोरगा आमच्या पाचगणीत बोर्डिंगला शिकलेला! त्याच्या पायाशी बसून पिशवीतला चिवडा काढला. बस अर्थातच चुकली नाही, बसलाच माझ्यासाठी थांबावं लागलं. पुढचे चार दिवस ग्रुपमध्ये माझं नाव ‘चिवडा काका’.

* * *

टिटिकाका, पेरू. ३,८१२ मीटरवर डोकं ठणकत असतानाच उरोस लोकांच्या बेटांवर गेले. तिथं काठच तरंगता आहे. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याचे थरावर थर टाकून बेट करतात, खालचं कुजत जातं, वरून नवं घालत राहायचं. चालताना कडब्याच्या गंजीवर चढल्यासारखं वाटतं, पाय खचतो आणि परत वर येतो. एका बाईनं लव्हाळं उपटून त्याचा खालचा पांढरा भाग केळ सोलावं तसा सोलून दिला. पाणचट, किंचित गोड, काकडीच्या जवळचं काहीतरी. मी खाईपर्यंत ती बघत होती. मग तिनं माझ्या ओल्या बुटांकडे बोट दाखवलं आणि पोट धरून हसली.

* * *

धागाकर्ता पुन्हा. माझी आई रोज रात्री हे माझ्याकडून वाचून घेते. तिचा एक प्रश्न आहे : डुलुथच्या आईंना ते दगड विमानातून नेऊ दिले का?

* * *

दिले. पेटीचं वजन भरायला लागलं तेव्हा तिनं माझ्यासाठीच म्हणून घेतलेला स्वेटर काढून ठेवला. दगड आता पुण्याला तुळशीच्या कुंडीत आहेत. पाणी घातलं की पट्टे दिसतात.