डाइव्हमास्टर करायचंय – मालवण, अंदमान की सरळ थायलंड?

बुडबुडा_पुणे
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. पुण्यात आयटीत आहे, वय 29, कर्नाटकात नेत्राणीला स्कूबाचा पहिला कोर्स, ओपन वॉटर केला, मग अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) पुढचा ॲडव्हान्स्ड, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाही, मीटिंग चालू असते आणि मी डाइव्ह कॉम्प्युटरचे रिव्ह्यू बघत बसलेलो असतो. आता पाडी या डाइव्हिंग संस्थेचं डाइव्हमास्टर (डाइव्हरांचा ग्रुप नेणारा गाइड) करून निदान एखादं वर्ष यातच काम करावं म्हणतोय. लॉगबुकात अजून चाळीस डाइव्ह पण झालेल्या नाहीत, रेस्क्यूचा कोर्सही बाकी आहे. कुठे करू? मालवण सोयीचं पडेल (आजोळ कुडाळला), अंदमान महाग वाटतं आणि थायलंडच्या को ताओ बेटावर म्हणे डाइव्हमास्टरचा रतीब घालतात. पोहणं ठीकठाक, टिळक टँकवर शिकलेलं. आणि ती फ्री इंटर्नशिप म्हणतात ती खरंच फ्री असते का? घरी अजून सांगितलं नाहीये, आईला वाटतंय सुट्टीवर चाललोय.

दर्यावर्दी_मालवण
आजोळ कुडाळ म्हणजे आपलोच माणूस, म्हणून स्पष्ट बोलतो. मालवण-तारकर्लीला जो धंदा चालतो तो टुरिस्टांचा. किल्ल्याच्या आसपास बोट लावायची, पाहुण्याला तोंडाने श्वास घ्यायला शिकवायचं, मास्क चढवायचा आणि त्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह धरून खाली न्यायचं, मासे दाखवायचे, व्हिडिओ काढायचा, वर आणायचं, पुढचा पाहुणा. आमची पोरं यात एकदम तयार आहेत, बरेचसे मच्छीमारांच्या घरातले. पण तुला शिकायचंय ते सर्टिफाइड डाइव्हरांचा ग्रुप घेऊन फिरणं, आणि तसे डाइव्हर इकडे मोजकेच येतात, मग प्रॅक्टिस कोणावर करणार?

शिवाय सीझन. जून ते सप्टेंबर सगळं बंद, ऑक्टोबरात सुरू झालं तरी पाणी गढूळ, डिसेंबर-जानेवारीत त्यातल्या त्यात बरं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, ट्रेनिंगचा पूलही आहे, रेस्क्यूसाठी तिथे चौकशी कर. गढूळ पाण्याचा एक फायदा मात्र सांगतो, ग्रुपमधला शेवटचा माणूस दिसेनासा झाला की काय करायचं याची सवय इथे आपोआप लागते.

निळाई
दर्यावर्दीदादा म्हणतायत ते बरोबर. मी हॅवलॉकला केलं आणि पुढे काही सीझन तिथेच काम केलं, त्यामुळे जरा लांबड लावते.

पाडीचं म्हणशील तर कोर्स सुरू करायला 40 डाइव्ह, सर्टिफिकेट मिळेपर्यंत 60, वय 18 पूर्ण, रेस्क्यू झालेलं, फर्स्ट एड-सीपीआर मागच्या 24 महिन्यांतलं आणि डॉक्टरच्या सहीचा मेडिकल फॉर्म. मग पाण्यातल्या टेस्ट. 400 मीटर नुसतं पोहणं, 800 मीटर मास्क-स्नॉर्कल-फिन्स लावून तोंड पाण्यात ठेवून आणि हात न मारता, दमलेल्या डाइव्हरला 100 मीटर ओढत नेणं, 15 मिनिटं तरंगणं आणि त्यातली शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर. प्रत्येकाला पाचपैकी मार्क. 400 मीटर साडेसहा मिनिटांच्या आत मारलंस तर 5, मध्ये थांबलास तर 1. तेव्हा टिळक टँकवर आत्तापासून घड्याळ लावून पोहायला लाग, "ठीकठाक" तिथे चालत नाही.

खरी गंमत इक्विपमेंट एक्सचेंजला. पाण्याखाली तू आणि पार्टनर, दोघांत मिळून एकच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारा), आळीपाळीने श्वास घ्यायचा आणि तेवढ्यात मास्क, फिन्स, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) सगळं एकमेकांचं अंगावर चढवायचं. घाईवाला माणूस बीसीडीच्या बकलशी झटत बसतो आणि रेग्युलेटर परत द्यायचा विसरतो, मग पार्टनर त्याच्या दंडावर थापा मारतोय. दोघं शांत असतील तर बघायला सुंदर दिसतं.

थिअरीला घाबरू नकोस, आयटीवाला आहेस. हा हिशोब मात्र पाठ पाहिजे: 11 लिटरची टाकी, 200 बार प्रेशर, म्हणजे 2200 लिटर हवा. वर मिनिटाला 20 लिटर ओढणारा माणूस 20 मीटरवर 60 लिटर ओढतो कारण तिथे प्रेशर तिप्पट. 50 बार राखीव धरले तर सत्तावीस मिनिटं आली. तोच माणूस घाबरून दुप्पट ओढायला लागला तर चौदा मिनिटं पण नाहीत, आणि तुझा प्लॅन सत्तावीस मिनिटांचा होता!

आणि मुख्य म्हणजे हे लक्षात घे की या कामात मासे बघायचे नसतात, पाहुणे बघायचे असतात. हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकल साइटला सगळे बॅटफिशच्या मागे लागलेले असतात आणि आपण उलटं तोंड करून पोहतोय. कोणाचे बुडबुडे सलग येतायत, मध्ये गॅपच नाही, कोणाचा हात सारखा मास्ककडे जातोय, कोण उभा होऊन पाय मारतोय, डोळे मोठे झालेत. असं दिसलं की टाकीतलं प्रेशर विचारत बसायचं नाही, आधी जवळ जायचं, बीसीडीला हात घालायचा, डोळ्यात बघून तळवा सपाट खालीवर करायचा, सावकाश श्वास घे म्हणून. ऐंशी टक्के वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर वर. त्या दिवशी बाकीच्यांची डाइव्ह अर्धवट राहते आणि बोटीवर चार टोमणे ऐकायचे, तेही कामातच धर. ज्याला हे बोअर होईल त्याने फन डाइव्ह करत राहावं, पैसे खर्च करून आनंद घ्यावा, यात पडू नये.

फ्री इंटर्नशिपबद्दल: कोर्सची फी घेत नाहीत एवढाच फ्रीचा अर्थ, आणि ती तू अंगमेहनतीने फेडतोस. पहाटे टाक्या बोटीवर चढवणं (ॲल्युमिनियमची रिकामी टाकीसुद्धा 14 किलोच्या आसपास), ओ-रिंगमधून फिस्स आवाज येतोय का बघणं, दुपारी सगळ्यांचे सूट गोड्या पाण्यात धुणं. डाइव्ह मिळते ती बोटीवर जागा असेल तर. काही सेंटर खरंच शिकवतात, काही नुसते हमाल गोळा करतात. आधी विचारून घे की आठवड्याला डाइव्ह किती, इन्स्ट्रक्टर समोर बसून शिकवणार का, राहण्याचं काय आणि पाडीची मेंबरशिप कोणाच्या खिशातून. उत्तर गोलमाल आलं तर पुढे जा.

कानाचा_डॉक्टर
मी ईएनटी आहे, हौशी डाइव्हरही, म्हणून दोन गोष्टी. सर्दी असताना नाक मोकळं करायची गोळी खाऊन उतरणारे बरेच आहेत. गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा सायनसमध्ये किंवा मधल्या कानात अडकते आणि मग कळ काय असते ते कळतं. नोकरी म्हटली की "आज नको" म्हणणं अवघड जातं, पण म्हणायला शिक. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर फॉर्मवर लपवू नकोस. शेवटच्या डाइव्हनंतर विमान किमान 18 तासांनी, हे पाहुण्यांना पण तुलाच सांगावं लागेल, ते संध्याकाळच्या फ्लाइटची तिकिटं काढून येतात. रीकॉम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर त्रास झाला तर उपचार करायची प्रेशरची खोली) पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) नौदलाच्या हॉस्पिटलात आहे, हॅवलॉकहून बोटीने तिथवर जायचं म्हणजे वेळ जातो. डाइव्ह इन्शुरन्स काढच.

को_ताओ_रिटर्न
मी थायलंडला केलं, आता मालदीवला आहे. रतीब म्हणालास ते खोटं नाही, पण सर्टिफाइड डाइव्हर रोज बोट भरून असतात, ब्रीफिंग देऊन देऊन तोंड तयार होतं. तिथेच नोकरीला राहायचं तर वर्क परमिटचं लचांड, ते धरून चल. आणि एक कोणी बोललं नाही: डाइव्हमास्टर ओपन वॉटर शिकवू शकत नाही. ग्रुप नेणं, रिफ्रेशर, स्नॉर्कलिंग, इन्स्ट्रक्टरला असिस्ट करणं इतकंच. त्यामुळे सेंटरवाले आधी इन्स्ट्रक्टर शोधतात, पगार पण त्यालाच. एका वर्षाची हौस असेल तर ठीक, करिअर करायचं असेल तर पुढच्या कोर्सचे पैसे आत्ताच बाजूला टाक. हिंदी-मराठी येतं ही मात्र जमेची बाजू, इकडे आपले पाहुणे भरपूर आणि पॅनिक झाले की माणसं इंग्लिश विसरतात.

बुडबुडा_पुणे
बापरे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. निळाईताई, तो चौदा मिनिटांचा हिशोब वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. म्हणजे रेस्क्यूची तारकर्लीला चौकशी करतो, उन्हाळाभर पोहणं, आणि पावसाळा संपला की हॅवलॉक. राजीनामा लगेच नाही देत, बिनपगारी रजा मिळते का बघतो. अजून दोन शंका, मला -3.5 चा नंबर आहे तो चालेल का, आणि स्वतःचं सामान काय काय घेऊ?

निळाई
नंबर चालतो रे, नंबराच्या काचा बसवलेला मास्क मिळतो, पण दोन करून घे, एक बोटीवरून पडणारच. सामानात आधी डाइव्ह कॉम्प्युटर आणि एसएमबी (पाण्यावर सोडायचा खुणेचा फुगा), रेग्युलेटर-बीसीडीची घाई नको, तिकडे गेल्यावर चार प्रकारचे वापरून मग ठरव. आणि आईला फॉर्म भरायच्या आधी सांग, त्यावर इमर्जन्सी काँटॅक्ट लिहावा लागतो.

दर्यावर्दी_मालवण
तारकर्लीला यायच्या आधी इथे टाक, मे महिन्यात येऊ नकोस, टुरिस्टांच्या गर्दीत कोणाला बोलायला पण वेळ नसतो.