मदत हवी आहे: चायनीजच्या पार्सलमधल्या नूडल्सचा गोळा होतो

सुरंगी
नाचणे रोडला नवीन चायनीज सुरू झालंय. परवा पार्सल आणून बघितलं. चव चांगली, शेजवान चटणी ताजी, पण घरी येईपर्यंत हक्का नूडल्सचा गोळा आणि ड्राय मंचुरियन ओलंगिच्च. रविवारी तिथूनच मागवायचंय, माणसं बोलावून झालीत. पॅकिंगचं त्यांना काय सांगू? आज संध्याकाळी अ‍ॅडव्हान्स द्यायचाय, लवकर सांगा. दुसरं हॉटेल सुचवू नये.

खाडीकाठ
नाचणे रोड म्हणजे रत्नागिरी ना? माणसं किती? व्हेज की नॉनव्हेज? घर किती लांब?

कुडाळचो_झील
घराकच करा गो. काय्येक कठीण नाय. कोबी, गाजर, सोया सॉस, झाला.

सुरंगी
रत्नागिरीच. चौदापंधरा माणसं, मिक्स. घर भाट्ये पुलापलीकडे. @झील, पंधरा जणांचं घरी करायचं असतं तर इथे कशाला आले असते?

फोडणी
कॅन्टीन चालवलंय म्हणून सांगते. कुरकुरीत पदार्थाला वाफ मारते. गरम गरम डब्यात घालून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि तेच परत मंचुरियनवर पडतं. गोळे आणि ग्रेव्ही वेगवेगळे मागा. गोळे कागदी पिशवीत, तोंड उघडं. घरी कोरड्या कढईत दोन मिनिटं परतले की पुरे. नूडल्सचं मात्र पॅकिंगवर नाही. उकडल्यावर गार पाण्याने धुऊन तेल लावलं असेल तरच सुटतात. जास्त शिजवल्या असतील तर सोन्याच्या डब्यात घातल्या तरी गोळाच. पुलापलीकडे न्यायचं तर फ्राइड राइस घ्या.

आप्पा_निवृत्त
पॅकिंग राहू द्या, आधी अजिनोमोटो घालू नका म्हणून सांगा. आमच्या हिला त्या रात्री डोकं धरून बसावं लागलं होतं.

खाडीकाठ
आप्पा, तो पदार्थ 1908 साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकाने समुद्रशेवाळाच्या सूपमधून वेगळा काढला. त्यातला चव देणारा घटक, ग्लुटामेट, टोमॅटोतही असतंच. वहिनींना टोमॅटोच्या साराने त्रास होतो का?

आप्पा_निवृत्त
सार आम्ही आमसुलांचं करतो. आणि टोमॅटोत कोणी चमच्याने पांढरी पावडर ओतत नाही.

मिरकरवाडा_रिटर्न्स
कोलंबीचं काही घेणार असाल तर लक्षात ठेवा, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. आत्ता बोर्डावर 'ताजी कोलंबी' लिहिलं असेल तर ती खाडीतली, तळ्यातली नाहीतर फ्रीझरमधली. विचारायला लाजू नका.

दादरकर_सध्या_गुहागर
मुळात हे चायनीज नाहीच. चिकन मंचुरियन नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, वर सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. चीनमध्ये मागितलंत तर तोंडाकडे बघत राहतील.

कुडाळचो_झील
चीनला कोण जाताहा? ती भाट्याक बसली हा.

मिरकरवाडा_रिटर्न्स
एक मिनिट. हा रविवार म्हणजे श्रावणाआधीचा शेवटचा रविवार. गटारी! त्या रात्री चायनीजवाल्याकडे उभं राहायला जागा नसते. डिलिव्हरीचं विसरा.

सुरंगी
ते माहीत आहे हो. रात्री पुलापलीकडे माणूस पाठवणार नाही, हे त्याने आधीच सांगितलंय. म्हणून तर दुपारी बाराला आणून ठेवणार आहे. जेवायला नऊला बसू. नूडल्स तेवढा वेळ सुट्या कशा राहतील एवढंच विचारतेय.

फोडणी
थांबा! हे आधी सांगायचं होतं. शिजलेला भात आणि नूडल्स नऊ तास बाहेर ठेवायच्या नाहीत. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. रात्री पंधरा माणसं आणि एक संडास, विचार करा. दोन तासांच्या आत खायचं, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये, तेही पसरट भांड्यात, थोडं थोडं.

आप्पा_निवृत्त
आम्ही शिळ्या भातावर वाढलो.

फोडणी
फोडणीचा भात आदल्या रात्रीचा असतो आप्पा, पण तो उरलेला वाटीभर. इथे पातेलंभर आहे, दमट हवेत.

सुरंगी
फ्रिजमध्ये सुरमई भरलीय, एवढं मावणार नाही. मग करू काय? तेच कोणी सांगत नाहीये.

खाडीकाठ
भात घरी लावा, ऐनवेळी. तिथून फक्त ग्रेव्ही आणि स्टार्टर घ्या. नूडल्स रद्द. आज अ‍ॅडव्हान्स देतानाच ठरवून घ्या की संध्याकाळी कढई तापली की पहिली ऑर्डर तुमची. सातला उचला, साताठला गर्दी व्हायच्या आत गाडी पुलावर. आणि जेवण आठला.

सुरंगी
आठला सगळे येतील का देव जाणे. पण बरं, भाऊजींना साडेसहालाच तिथे उभं करते. भाताचं पटलं. ग्रेव्ही किती लागेल पंधरा जणांना?

दादरकर_सध्या_गुहागर
भाट्याला पावसाळ्यात राहायला बरी खोली मिळेल का? कोणाला माहीत असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फोडणी
एक फुल प्लेट तिघांना धरा, भात भरपूर असेल तर. मिक्स म्हणालात, शाकाहारी कोण आहे?

सुरंगी
सासूबाई आणि त्यांची बहीण.

फोडणी
कोबीचं मंचुरियन आणि चिकन ते एकाच तेलात तळतात का, विचारलंत?

सुरंगी
नाही. फोन लावतेय.