अनुभव धागा : साठीनंतरचा व्यायाम आणि घामाच्या धारा

ठाण्यात उपवन तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींत हल्ली एकच प्रश्न असतो, "एवढा घाम येतो, हे बरं ना?" आपल्याकडच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तो जास्त वाटतो. पण कधी कधी तो इशाराही असतो. तुमचं वय, चालू औषधं आणि तेव्हा नेमकं काय झालं, ते मोकळेपणाने लिहा.

नेरूळ, वय ६८
मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू. डिसेंबरातली सकाळ, हवा गार, आणि चालताना अचानक मान, कपाळ, बनियन सगळं ओलंचिंब. हात लावला तर घाम थंडगार. धडधड अजिबात नव्हती, म्हणून काळजी वाटली नाही, पण बायकोने घरी नेऊन साखर तपासली : ५८, म्हणजे खूपच कमी! डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाबाची माझी गोळी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी आहे. साखर उतरल्यावर होणारी धडधड तिने झाकली जाते, घाम मात्र येतोच. म्हणजे माझ्यासारख्याला घाम हीच खूण. आता खिशात ग्लुकोज असतं. १५ ग्रॅम घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

ठाणे, वय ७०
येऊरच्या चढावर आमच्या यांना दरदरून घाम फुटला, डावा खांदा जड झाला. "पित्त झालंय" म्हणून बसून राहिले. सोबतच्या वहिनींनी ऐकलं नाही, लगेच १०८ लावला. हार्ट अटॅक होता. त्या वहिनींचे उपकार कसे फेडू?

वाशी, वय ६४
नैराश्याची गोळी सुरू झाल्यापासून योगवर्गात चटई भिजायची. डॉक्टरांनी डोस बदलला, फरक पडला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते.

कळवा, वय ७३
माझं उलटंच. घाम जेमतेम येतो, पण डोकं तापतं, गरगरतं.

धागाकर्ता
काका, याकडे दुर्लक्ष नको. वयानुसार घाम कमी होतो, तहानही कमी जाणवते, आणि उष्णता अंगातच कोंडते. ऑक्टोबरात ऊन चढायच्या आत घरी या, निघण्याआधी पाणी प्या. मात्र हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लघवी वारंवार होते म्हणून एखादी गोळी घेता का? त्यातल्या काही गोळ्यांनी घाम आटतो. नाव पाहून इथे लिहाल?