‘वन पीस’चं वानो पर्व : रटाळ, पाल्हाळिक की रखडलेलं?

गवती टोपी :

एइचिरो ओदा यांच्या ‘वन पीस’मधल्या वानो पर्वावर मराठीत सविस्तर लेख लिहायला घेतला आहे. ही समुद्री चाच्यांची मांगा (जपानी चित्रकथा) 1997 पासून ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात चालू आहे, आणि त्यातलं एकटं वानो, म्हणजे सामुराईंच्या वानो देशातलं कथानक, 2018 ते 2022 चाललं, चॅप्टर 909 ते 1057. मला हे पर्व मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या कमकुवत बाजू नीट मांडायच्या आहेत. अडचण शब्दांची आहे. ज्याला विचारावं तो ‘रटाळ आहे’ म्हणतो, आणि खोदून विचारलं की प्रत्येकाची तक्रार निराळी निघते. एकाला पात्रांची गर्दी नको वाटते. दुसऱ्याला मेलेली माणसं पुन्हा उठून उभी राहिलेली चालत नाहीत. तिसऱ्याने फक्त अ‍ॅनिमे (त्याच मांगावरची टीव्ही मालिका) पाहिलेलं असतं आणि त्याचा राग तिथल्या संथपणावर असतो. चौथा म्हणतो, शेवट घाईत झाला. आता घाईत झालेली गोष्ट रटाळ कशी? या तक्रारींना आपल्याकडे नेमके शब्द कोणते? शिवाय ‘आर्क’ला, म्हणजे मालिकेतल्या एका सलग कथानकाला, ‘पर्व’ म्हणावं की ‘कांड’?

पुढच्या चर्चेत सगळ्या घटना उघड होणार आहेत. ज्यांचं वानो वाचून व्हायचंय त्यांनी आधी ते पूर्ण करावं.

तिसरी घंटा :

‘कांड’ नको. रामायणाची सात कांडं आहेत हे खरं, पण आज ‘कांड’ म्हटलं की हत्याकांड आणि जळीतकांडच आठवतं. ‘वानो कांड’ वाचून लोकांना वाटेल तिथे काही घोटाळा झाला. ‘पर्व’ चांगला आहे. टीव्हीवाले सीझनलाही पर्व म्हणतात, तेव्हा अ‍ॅनिमेबद्दल लिहिताना एकदा खुलासा करा, म्हणजे झालं. वानोच्या आतल्या तीन भागांना मात्र ‘अंक’च म्हणा. ओदांनी ते काबुकी नाटकासारखे रचले आहेत. पडदा उघडतो, अंक सुरू होतो, पडदा पडतो. नाटकावर वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि एक मुख्य दोष त्या अंकांच्या मोजमापातच दिसतो. पहिला अंक 909 ते 924, म्हणजे सोळा चॅप्टर. दुसरा 925 ते 955, एकतीस. तिसरा 958 पासून 1057 पर्यंत, म्हणजे शंभर. आधीचे दोन अंक एकत्र केले तरी तिसऱ्याच्या निम्मे भरत नाहीत. याला ‘रटाळ’ म्हणणं चुकीचं ठरेल, कारण त्या शंभरात ओदेन या वानोच्या सामुराई सरदाराचा संपूर्ण पूर्ववृत्तान्त आहे आणि तो या मालिकेतल्या उत्तम लेखनांपैकी एक आहे. याला ‘बेतशीर नाही’ म्हणा. दोष प्रमाणाचा आहे.

पानाआड :

‘रटाळ’ बाजूला ठेवा, या मताशी मी पूर्ण सहमत. तो शब्द वाचणाऱ्याच्या कंटाळ्याबद्दल सांगतो, गोष्टीत काय बिघडलं ते सांगत नाही.

लांबीच्या तक्रारीतच आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. ‘पाल्हाळ’ म्हणजे सांगायचं थोडं आणि सांगितलं फार. यात सांगणाऱ्याची हौस असते, त्याला आवरत नाही. ‘ताणणं’ म्हणजे मुद्दाम लांबवणं, त्यामागे हिशेब असतो. ‘रखडणं’ म्हणजे पुढे सरकतच नाही, कुठेतरी अडलंय. मांगातल्या वानोला पाल्हाळ शोभतो. ओदांना प्रत्येक घराण्याची वंशावळ, प्रत्येक गावाची उपासमार, प्रत्येक तलवारीचं नाव सांगायचं आहे. ते हौसेने सांगतात. माझ्या मते काही ठिकाणी त्या हौसेनेच पर्व तारलं आहे.

मीठभाकर :

अ‍ॅनिमेबद्दल मी बोलतो, कारण मी सगळं तिथेच पाहिलं. वानोपेक्षा आधीच्या ड्रेसरोझा पर्वाचं उदाहरण जास्त लख्ख आहे. मांगात ते 700 ते 801, म्हणजे 102 चॅप्टर. अ‍ॅनिमेत 629 ते 746, म्हणजे 118 भाग. एका भागात एक अख्खा चॅप्टरही मावत नव्हता. शेवटी शेवटी खलनायक डोफ्लामिंगोचा दोऱ्यांचा पिंजरा शहरावर आवळत येतो आणि लोक जीव मुठीत धरून मध्याकडे पळतात. कागदावर याने छाती धडधडते. पडद्यावर तोच पिंजरा, तेच पळणारे घोळके, तेच विस्फारलेले डोळे, पुन्हा मागच्या भागाची उजळणी, आणि पिंजरा होता तिथेच. घाबरायचं विसरून माणूस घड्याळाकडे बघतो.

याला ‘रखडणं’ हा शब्द मला पटत नाही. काम रखडतं तेव्हा ते थांबलेलं असतं, पूल रखडतो, रस्ता रखडतो. इथे दर रविवारी भाग येतच होता. मी ‘रखडवणं’ म्हणेन. त्याला कर्ता लागतो, आणि इथे कर्ता आहे. साप्ताहिक मांगाच्या पुढे जायचं नाही म्हणून बनवणाऱ्यांनी कथा रखडवली. कारण समजतं, म्हणून पाहणाऱ्याचा वेळ काही परत मिळत नाही.

आमच्या सातारकडचा एक शब्द सुचवतो, ‘लांबड’. ‘लांबड लावू नको’ असं घरात सर्रास म्हणतात. पण तो बोलणाऱ्या माणसाला लागतो, दृश्याला लागणार नाही.

गवती टोपी :

‘रखडवणं’ लगेच घेतला. मग त्याच पिंजऱ्याचं मांगातलं वर्णन करताना उलट अर्थाचा शब्द काय? ‘वेगवान’ नको आहे.

तिसरी घंटा :

‘आटोपशीर’. त्यात घाई नाही, पसारा नाही. 2024 मध्ये मत्स्यमानव बेटाचं जुनं पर्व नव्याने संपादन करून कमी भागांत दाखवलं गेलं, त्यालाही हाच शब्द लागतो. चाहत्यांनी ‘वन पेस’ नावाने मूळ अ‍ॅनिमेची काटछाट करून मांगाच्या गतीला आणून बसवलं आहे, तेही आटोपशीर. कात्री लावली की गोष्ट सुधारते, म्हणजे मूळ गोष्टीत खोट नव्हती, हे तुमच्या लेखात यायला हवं.

ओनिगाशिमाची वाट :

आता गर्दीकडे या. माझी सर्वांत मोठी तक्रार तीच आहे आणि तिला मराठीत फार नेमका शब्द आहे : खोगीरभरती. खोगिराच्या आत चिंध्या, गवत, जे हाताला येईल ते कोंबतात, त्यावरून उगाच भरलेली माणसं. ओनिगाशिमाच्या, म्हणजे वानोतल्या शेवटच्या मोठ्या, लढाईत दोन्हीकडे किती नावं आहेत बघा. नायक लुफीचा चमू, लॉ आणि किड हे चाचे, ओदेनचे नऊ अकाझाया सेवक, प्राण्यांसारखी मिंक मंडळी, काइदोचं अपत्य यामातो, ओदेनची मुलगी हियोरी. समोर खलनायक काइदो आणि बिग मॉम, काइदोचे तीन सरदार, ‘सहा उडते’ म्हणवणारे त्याचे लढवय्ये, वर ‘नंबर्स’ नावाचे राक्षस, वर सरकारी हेर. एका चॅप्टरची सतराएक पानं, त्यात पाच ठिकाणच्या मारामाऱ्या. एक दोन पानं इथे, तीन पानं तिथे. कुठलीच लढाई रंगत नाही.

पानाआड :

‘नंबर्स’ना खोगीरभरती म्हणा, हरकत नाही. ते आले, आरडाओरडा केला, पडले. अकाझायांना मात्र तो शब्द लावू नका. खोगीरभरतीत कोण आहे याला महत्त्वच नसतं, आणि त्या नऊ जणांना ओदेनच्या कथेत स्वतःची जागा आहे. उकळत्या तेलाच्या कढईत ओदेन उभा आहे, खांद्यावर फळी, फळीवर हे सगळे. तासभर तो त्यांना तोलून धरतो आणि स्वतः शिजतो. ज्यांच्यासाठी एवढं मोल दिलं ती माणसं भरतीची कशी? त्यांच्या बाबतीत झालं ते असं, की वीस वर्षांनी रणात उतरल्यावर लेखकाने त्यांना पुरेसं कामच दिलं नाही. काइदोवर एकदा धावून गेले, त्याची एक जुनी जखम उघडली, आणि मग बराच काळ जायबंदी होऊन पडून राहिले.

लढाईच्या गोंधळाला ‘भाऊगर्दी’ म्हणा. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या वेळी जी धुमाळी झाली तिच्याशी हा शब्द जोडला जातो. माणसं मोलाची असतात, पण त्या रेट्यात कोणी कोणाला दिसत नाही. ओनिगाशिमावर नेमकं हेच झालं.

ओनिगाशिमाची वाट :

भाऊगर्दी मान्य. अकाझायांबद्दलही मान्य, ते कढईचं पान विसरण्यासारखं नाहीच.

मग मरणांचं काय? मी ‘लुटुपुटूचं मरण’ लिहीन. लहान मुलं लुटुपुटूची लढाई खेळतात, त्यात मेलेला लगेच उठतो. अकाझायांतल्या किन्एमोनला काइदो भोसकतो, आपण हळहळतो, आणि मग कळतं की पूर्वी लॉने त्याचं शरीर तोडलं होतं ते नीट जुळलंच नव्हतं, म्हणून वाचला. वानोचा जुलमी शोगुन ओरोची, त्याचं मुंडकं उडतं, तो परत येतो. फितूर कान्जुरो मरतो, परत येतो. ही खोड जुनी आहे. अलाबास्ता या जुन्या पर्वात तिथला योद्धा पेल बॉम्ब घेऊन आकाशात गेला, स्फोट झाला, आणि पर्व संपताना तो जिवंतच.

मीठभाकर :

किन्एमोनला आणि पेलला लुटुपुटू शोभतं. ओरोचीला नाही, कारण आठ डोकी हे त्याचं ठरलेलंच आहे, जपानी पुराणातल्या आठ मुंडक्यांच्या सापावरून तो बेतला आहे. तिथे तक्रार तोचतोचपणाची आहे, फसवणुकीची नाही.

पण ‘वानोत कोणी मरत नाही’ असं सरसकट लिहू नका. यासुइएचं मरण आठवा. एबिसु गावाला आधार देणारा हा माणूस भर चौकात गोळ्यांना सामोरा जातो आणि त्याची लहान मुलगी तोको धावत येते. हसत येते. त्या गावातल्या लोकांनी फसलेली ‘स्माइल’ फळं खाल्लेली असतात, त्यांना हसण्याखेरीज दुसरा भावच चेहऱ्यावर आणता येत नाही. बापाच्या प्रेताजवळ ती पोर खदखदून हसते आहे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, सगळं गाव हसतंय. लुफीचा तलवारबाज साथी झोरो संतापाने पेटतो. मी ते पाहून नंतर बराच वेळ काही बोललो नाही. ज्या पर्वात हे आहे त्याला कुठलाही एक शब्द चिकटवून मोकळं होता येणार नाही.

तिसरी घंटा :

उलटी बाजूही आहे. अकाझायांतले आशुरा दोजी आणि इझो खरोखर मेले, आणि ते आपल्याला लढाई संपल्यावर ओझरतं कळतं. खोट्या मरणांना पानंच्या पानं आणि खऱ्या मरणांना ओझरता उल्लेख. म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा : ‘दोष’ आणि ‘उणीव’. जे आहे आणि वाईट आहे तो दोष. जे असायला हवं होतं आणि नाही ती उणीव. किन्एमोनचं वाचणं हा दोष, इझोचा शोक न दाखवणं ही उणीव. ‘त्रुटी’ हा शब्द सरकारी पत्रात शोभतो, कथेवर बोलताना कोरडा वाटतो.

गवती टोपी :

ही विभागणी फारच उपयोगी आहे. आता शेवटच्या घाईबद्दल सांगा. काइदोचा भूतकाळ चॅप्टर 1049 मध्ये, तो हरत असतानाच, मोजक्या पानांत येतो. पोरगेला असताना राज्याने त्याला नौदलाला देऊन टाकणं, तिथून पळणं, सगळं भराभर. ‘गुंडाळलं’ लिहू का?

पानाआड :

‘गुंडाळणं’ म्हणजे मधेच सोडून देणं, गाशा गुंडाळतात तसं. काइदोचा शेवट सोडलेला नाही. ‘उरकणं’ लिहा. करायचं होतं म्हणून केलं, मन लावून नाही. ओदेनला बारा-तेरा चॅप्टर आणि ज्याच्याविरुद्ध सगळं पर्व उभं राहिलं त्याचा जन्म मोजक्या पानांत उरकला, हे वाक्य कोणालाही पटेल. ‘उणीव’ याहून मोठी सापडणार नाही.

ओनिगाशिमाची वाट :

लुफी काइदोकडून तीनदा हरतो, त्याला ‘तेच दळण’ म्हणतात. चालेल?

पानाआड :

नाही. दळणात काही बदलत नाही. 923 मध्ये तो एका फटक्यात पडतो, कारण त्याची हाकी (लढण्याची आंतरिक शक्ती) काइदोपुढे तोकडी पडते. 1013 मध्ये प्रगत हाकी शिकून येतो आणि तरी समुद्रात पडतो. तिसऱ्यांदा सरकारी हेर मधे पडतो, आणि त्यातून 1044 मधला ‘पाचवा गिअर’, म्हणजे लुफीचं नवं रूप, येतो. दर वेळी हरण्याचं कारण वेगळं आहे. ‘पुनरुक्ती’ म्हणा. काहींना ती खटकेल, काहींना नाही.

मीठभाकर :

यामातोसाठी मी शब्द देतो : हुलकावणी. ‘मी तुमच्या जहाजावर येणार’ असं सांगत राहायचं, वाचकाने जागा करून ठेवायची, आणि ऐन निघताना ‘मी इथेच थांबतो’. त्यामागचं कारण वाईट नाही, पण ज्यांनी दोन वर्षं वाट पाहिली त्यांना हुलकावणी मिळाली हे खरं.

आणि झोरोचं वानोतल्या शिमोत्सुकी घराण्याशी नातं? त्यावर सगळा वानो देश उभा होता, आणि उलगडा झाला 105 व्या खंडातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. ‘भिजत घोंगडं’ का?

तिसरी घंटा :

घोंगडं भिजत ठेवतात तेव्हा निकाल लागलेला नसतो. झोरोचा निकाल लागला, फक्त कथेबाहेर लागला. ‘परस्पर निकालात काढलं’ लिहा.

भिजत घोंगडं दुसरीकडे आहे. ओदेनला देशाची दारं उघडायची होती, त्यासाठी तो मेला. 149 चॅप्टरनंतर त्याचा मुलगा मोमोनोसुके ठरवतो की दारं इतक्यात उघडायची नाहीत, कारण वानोच्या खाली प्लूटन हे प्राचीन अस्त्र आहे.

ओनिगाशिमाची वाट :

ते मी दोषात धरणार नाही. ते ‘राखून ठेवलं’ आहे. प्लूटनचं नाव अलाबास्तापासून चालत आलंय, ते वानोच्या शेवटी उगाच उघडलं असतं तर आपणच ‘उरकलं’ म्हणालो असतो.

तिसरी घंटा :

राखून ठेवलेलं पुढे बाहेर काढलं तर ‘राखलं’, नाही काढलं तर ‘भिजत ठेवलं’. मालिका चालू आहे तोवर लेखात ‘राखून ठेवलं’च लिहा. आणि विशेषण ‘पाल्हाळिक’ असं लिहायचं, ‘ळि’ ऱ्हस्व.