विंडोज ७ वरील डीटीपीचा संगणक इंटरनेटला जोडून ठेवावा का?

अक्षरजुळणी :

नमस्कार. तालुक्याच्या गावी आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि एखादा दिवाळी अंक एवढे काम वर्षभर चालते. अक्षरजुळणीच्या संगणकावर ३२ बिटचे विंडोज ७ आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. त्यावर पेजमेकर ७ (पानांची मांडणी करण्याचा जुना प्रोग्राम) आणि युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या काळातील मराठी फाँटचे पॅकेज आहे, आणि ते पॅकेज यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय चालत नाही. पतसंस्थेचा अहवाल दरवर्षी मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये दुरुस्त्या करूनच तयार होतो. अशी फाइल युनिकोडमध्ये नेऊन पाहिली, तर रफार आणि जोडाक्षरे हलतात, ताळेबंदाचे तक्ते विस्कटतात आणि सगळे प्रूफ पहिल्यापासून वाचावे लागते. त्यामुळे हा संगणक आणखी काही वर्षे तरी सोडता येणार नाही.

अडचण अशी आहे की, ग्राहकांचे मॅटर व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आणि ईमेलवर याच संगणकावर येते आणि जीएसटीचे विवरणपत्रही इथूनच भरले जाते. क्रोम १०९ च्या पुढे सरकत नाही आणि काही संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडतच नाहीत. काउंटरवर दुसरा एक संगणक आहे (चौथ्या पिढीचा आय-३, विंडोज १०), पण तो केवळ बिले करण्यासाठी वापरतो. आमचा हार्डवेअरवाला म्हणतो की चांगला अँटिव्हायरस विकत घ्या, नाहीतर यावरही विंडोज १० टाकून घ्या. यातले काय करावे?

तटबंदी :

एका कार्यालयाचे नेटवर्क सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे माझे मत थोडे कडक वाटेल. पेजमेकरसाठी विंडोज ७ खुशाल ठेवा. पण त्या संगणकाचे इंटरनेट बंद करा.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबवल्या. पैसे मोजून दुरुस्त्या घेणाऱ्या संस्थांची तीन वर्षांची वाढीव मुदतही जानेवारी २०२३ मध्ये संपली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११० ला किमान विंडोज १० लागू लागले, म्हणून तुमचा क्रोम १०९ वर थांबला आहे. केवळ नव्या सोयी मिळत नसत्या तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण विंडोजच्या आवृत्त्यांमध्ये पुष्कळसा कोड सामाईक असतो. नव्या आवृत्तीतील एखादे छिद्र बुजवले गेले की, ती दुरुस्ती उलगडून मूळ छिद्र कुठे होते हे जाणकारांना कळते, आणि तेच छिद्र विंडोज ७ मध्ये असेल तर ते तसेच उघडे राहते. म्हणजे दर महिन्याला निघणाऱ्या दुरुस्त्या या जुन्या संगणकाच्या दृष्टीने धोक्याची यादीच ठरतात.

इंटरनेट बंद करायचे म्हणजे नेटवर्कची वायर उपटायची असे मुळीच नाही, कारण तुमचा प्रिंटर बहुधा त्याच नेटवर्कवर असेल. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता आणि सबनेट मास्क हाताने भरा आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ (इंटरनेटकडे जाण्याची वाट) व डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधणारी सेवा) हे रकाने रिकामे सोडा. त्याच खिडकीत आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) च्या समोरची खूण काढून टाका. ही खूण अनेक जण विसरतात आणि मग फायबरच्या राउटरकडून आयपीव्ही६ चा रस्ता आपोआप मिळून संगणक पुन्हा बाहेर पोहोचतो. एवढे केल्यावर प्रिंटर आणि काउंटरचा संगणक दिसत राहतात, इंटरनेट मात्र दिसत नाही. राउटरमध्ये पॅरेंटल कंट्रोलची सोय असेल तर तिथूनही या संगणकाला बंदी घाला, म्हणजे उद्या कोणी उत्साहाने गेटवे भरला तरी दार बंदच राहील. शेवटी, विंडोज ७ नेटवर्कचा प्रकार विचारते तेव्हा ‘होम’ किंवा ‘वर्क’ न निवडता ‘पब्लिक नेटवर्क’ निवडा, म्हणजे फायरवॉल बाहेरून येणाऱ्या फाइल शेअरिंगच्या जोडण्या नाकारते.

बटरपेपर :

मी स्वतः डीटीपीच्या धंद्यात आहे, त्यामुळे वरील सल्ला वाचून प्रश्नकर्त्यांच्या मनात पहिली शंका कोणती आली असेल ते सांगू शकतो : मग मॅटर आत यायचे कसे? माझ्या मते याचे उत्तर आपल्या कामाच्या पद्धतीतच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून तो मजकूर थेट पेस्ट केला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते आणि कन्व्हर्टरमधून (युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलणाऱ्या साधनातून) काढल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणजे मजकुराला मध्ये एक मुक्काम करावाच लागतो. तो मुक्काम काउंटरच्या संगणकावर हलवा. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि कन्व्हर्टर तिकडे. तिथे रूपांतर झालेला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा आणि फक्त ती टेक्स्ट फाइल जुन्या संगणकावर आणा. फोटो आणि लोगो असतील तर ते तिथेच उघडून टिफ स्वरूपात नव्याने सेव्ह करून द्या. ग्राहकाने पाठवलेली वर्डची किंवा पीडीएफ फाइल विंडोज ७ वर उघडण्याची वेळच येता कामा नये, कारण आपल्याकडे घाण येते ती मुख्यतः अशाच फाइलींतून.

देवाणघेवाणीचा फोल्डर काउंटरच्या संगणकावर शेअर करा, जुन्यावर नको. जुन्या संगणकाने तिथे जाऊन फाइल उचलावी आणि तयार झालेली पीडीएफ तिथेच ठेवावी. त्याच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये बाहेरून कोणाला शिरता येऊ नये.

आता व्यवहाराचे बोलतो. सीझनमध्ये सात-आठ पत्रिकांचे ग्राहक समोर बसलेले असतात आणि काउंटरचा संगणक नेमका अडकलेला असतो, तेव्हा कोणीतरी जुन्यावर इंटरनेट सुरू करणारच. तशी वेळ येणार असेलच, तर निदान क्रोम १०९ काढून टाका आणि फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती ठेवा. विंडोज ७ वर चालणारी फायरफॉक्सची ती शेवटची शाखा. जुलै २०२३ मध्ये आलेल्या या शाखेच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत मोझिलाने एकाहून अधिक वेळा वाढवली आहे, आणि सध्याची मुदत काय आहे हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. फायरफॉक्स संकेतस्थळांची ओळख पडताळणाऱ्या मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर बाळगतो, त्यामुळे तुम्हाला येणारी प्रमाणपत्राची चूक बहुतेक ठिकाणी नाहीशी होईल. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले, आणि ज्या संगणकांची यादी ताजी नव्हती त्यांच्यावर अनेक संकेतस्थळे त्यानंतर उघडेनाशी झाली.

रोजच्या कामाचे खाते ‘स्टँडर्ड युजर’चे असावे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते फक्त काही इन्स्टॉल करायचे असेल तेव्हा वापरावे. पेजमेकर स्टँडर्ड खात्यावर कधीकधी कुरकुर करतो. तसे झाले, तर त्याच्या स्वतःच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्यावी, खाते बदलू नये.

अक्षरजुळणी :

दोघांचेही आभार. कन्व्हर्टर दुसरीकडे हलवण्याचे मला सुचले नव्हते. तीन शंका राहतात. अँटिव्हायरसचा मुळीच उपयोग नाही का? ग्राहक पेनड्राइव्ह घेऊन येतात त्याचे काय करायचे? आणि विंडोज १० टाकण्याचा पर्याय कुणी विचारातच घेतलेला दिसत नाही, तो का?

तटबंदी :

शेवटची शंका आधी घेतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्त्या घेता येतात, पण एवढ्यासाठी जुळलेले पेजमेकर आणि डोंगल उपटून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तुमच्या दोन्ही संगणकांना तो रस्ता बंद आहे.

अँटिव्हायरस निरुपयोगी नाही. काही कंपन्या विंडोज ७ साठी अजून अद्ययावत माहिती पुरवतात आणि ओळखीच्या विषाणूंना तो अडवतो. मात्र तो फाइली तपासणारा रखवालदार आहे. खुद्द विंडोजमध्ये राहिलेले भगदाड त्याला बुजवता येत नाही. मे २०१७ मधील वॉनाक्राय आठवा. तो ज्या छिद्रातून शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, आणि तरीही ती न टाकलेले संगणक, ज्यांत विंडोज ७ चे संगणक सर्वांत जास्त होते, कोणीही कुठे क्लिक न करता एकामागून एक बंद पडले, कारण तो जंतू फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीतून स्वतःच पसरत होता. महिन्याभराने आलेला नॉटपेट्या तर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या नेटवर्कमधून आपल्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलपर्यंत येऊन त्याने तिथले काम ठप्प केले. नेटवर्कमधला एक संगणक कच्चा राहिला की बाकीच्यांचे काय होऊ शकते, ते यातून दिसते.

म्हणून इंटरनेट बंद करण्यापूर्वी २०२० पर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या त्या संगणकावर आहेत ना, हे पाहा. विंडोज अपडेट चालत नसेल, तर बहुधा एसएचए-२ सह्यांचा (दुरुस्ती अस्सल असल्याची खूण) आधार नसेल. सर्व्हिस पॅक १ असल्याची खात्री करून मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९ आणि शेवटी जानेवारी २०२० चा केबी ४५३४३१० या क्रमाने फाइली घ्या. त्या काउंटरच्या संगणकावर उतरवून इकडे आणल्या तरी चालते. ३२ बिटच्याच फाइली उतरवा, एवढे सांभाळा. दुरुस्तीवाल्यांनी दुरून काम करण्यासाठी टाकून ठेवलेली सॉफ्टवेअर काढून टाका आणि रिमोट डेस्कटॉप बंद करा. मे २०१९ मध्ये उघड झालेले ब्लूकीप नावाचे छिद्र नेमके तिथेच होते. विंडोज ७ त्याच्या तडाख्यात होते, विंडोज १० नव्हते.

ग्राहकाचा पेनड्राइव्ह जुन्या संगणकाला लावायचाच नाही. तो काउंटरवर उघडावा आणि हवी तेवढीच फाइल पुढे जावी. ग्राहक नाराज होत नाहीत. त्यांना फक्त प्रूफ वेळेवर हवे असते.

पेंग्विनप्रेमी :

सगळा भार काउंटरच्या संगणकावर टाकायचा ठरले आहे, तर तो तरी पक्का असावा. चौथ्या पिढीच्या आय-३ वर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती व्यवस्थित चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. त्यात जुनी हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. रॅम वाढवण्यापेक्षा त्याचा फरक जास्त जाणवतो. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ईमेल आणि लिबरऑफिसमधील बिले एवढ्या कामासाठी विंडोजची गरज नाही. शेअर केलेला फोल्डर सांबा या लिनक्सवरून विंडोजला फाइली देणाऱ्या प्रोग्राममधून देता येतो. आजचे सांबा एसएमबी १ वापरत नाही, पण विंडोज ७ ला एसएमबी २ येते, त्यामुळे दोघांचे जुळते. तुमचा कन्व्हर्टर विंडोजचा प्रोग्राम असेल, तर मात्र तो मिंटवर चालतो का हे पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून, काहीही इन्स्टॉल न करता, आधी तपासा. तो ब्राउझरमधला असेल तर प्रश्नच नाही.

जीएसटीचेही अडणार नाही. छापखाना प्रोप्रायटरी किंवा भागीदारीचा असेल तर विवरणपत्रावर डिजिटल सहीच्या टोकनऐवजी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ईव्हीसी (इलेक्ट्रॉनिक पडताळणी) करता येते, आणि ते कोणत्याही ताज्या ब्राउझरमधून होते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर टोकन लागेल. मग त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का हे पाहावे लागेल. नसेल तर काउंटरवर विंडोज १० तसेच ठेवून वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवणे बरे.

विंडोज ७ व्हर्च्युअल मशिनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) बसवण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच. यूएसबी डोंगल अनेकदा आत दिसतो, पण ४ जीबी रॅमच्या कोअर टू ड्युओवर त्या वाटेला जाऊ नका.

बटरपेपर :

मिंटचा सल्ला मला पटतो, पण काउंटरवर बसणाऱ्या माणसाचे बोट विंडोजच्या मराठी कीबोर्डला सरावलेले असेल, तर आधी आठवडाभर त्याला वापरून पाहू द्या. इनस्क्रिप्टवाल्याला त्रास होत नाही. टाइपरायटर पद्धतीच्या कीबोर्डवाल्याला होतो.

आणखी एक गोष्ट इथे अजून कोणी बोललेले नाही. इतक्या जुन्या संगणकाची हार्डडिस्क विषाणूच्या आधी मान टाकण्याची शक्यता मोठी आहे. वरच्या दुरुस्त्या टाकून झाल्या की पेनड्राइव्हवरून क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारा प्रोग्राम) सुरू करा आणि संपूर्ण डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यामुळे पेजमेकर, फाँट, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि डोंगलचा ड्रायव्हर जसेच्या तसे परत मिळतात. नुसत्या फाइली कॉपी करून ठेवल्या तर हे मिळत नाही. इमेज निघाल्यावर ती एखाद्या रिकाम्या डिस्कवर परत बसवून संगणक सुरू होतो का, डोंगल ओळखला जातो का आणि मागच्या वर्षीचा अहवाल उघडतो का, हे पाहून घ्या. रोजच्या कामाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या विषाणूला) इतर ड्राइव्हसारखीच दिसते आणि बॅकअपही त्याबरोबर जातो.

अक्षरजुळणी :

छापखाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे ओटीपीचा मार्ग चालेल. कन्व्हर्टर ब्राउझरमधलाच आहे. आधी दुरुस्त्या टाकून इमेज काढतो, मग गेटवे रिकामा करतो. काउंटरवर मिंट चालते का हे दिवाळी अंकाचे काम हातावेगळे झाल्यावर पाहीन. फाँटच्या पॅकेजची मूळ सीडी कपाटात आहे, पण तिच्यावर ओरखडे आहेत. तिचीही आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) काढून इमेजबरोबर ठेवतो.

बटरपेपर :

तिची आयएसओ आजच काढा. सीडी आणखी किती वेळा वाचली जाईल याचा भरवसा नसतो. काउंटरचा ड्राइव्ह ती वाचत नसेल, तर जुन्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. तुमच्याकडे पॅकेज बसवलेले असले तरी नव्या डिस्कवर ते कधी नव्याने टाकावे लागेल सांगता येत नाही, आणि इतक्या जुन्या आवृत्तीची सीडी विक्रेत्याकडे आता मिळेलच असे नाही.